रोस्ट आणि पेज

आमच्या घरात उपास कॅलेंडर बघून होत नसत. भात संपला की उपास सुरू. तलासरीच्या आतल्या अंगाला, डांबरी रस्ता संपून लाल मातीचा लागतो तिथून पुढे आमचा पाडा. उतारावरचा जमिनीचा एक तुकडा आमचा. त्यातलं भात कसंबसं होळीपर्यंत पुरायचं. पुढचे महिने आईच्या अंगावर. ती डहाणूकडच्या चिकूच्या वाडीत कामाला जायची, पहाटे टेम्पोत उभी राहून. बाबांकडे रेड्यांची एक जोडी होती, काळू आणि मंगळू. पाऊस लागला की बाबा ती जोडी घेऊन पार गंजाडपर्यंत जायचे, लोकांच्या खाचरांत चिखलणी करायला. आठ-आठ दिवस घरी नसायचे. परत यायचे तेव्हा गुडघ्यापर्यंतचा चिखल वाळून पांढरा झालेला असायचा, माणसाचाही आणि जनावरांचाही.

मी सातवीत असताना मंगळू पायाने अधू झाला. औताला चालेना. एक व्यापारी दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा घरात रानातल्या कंदांशिवाय काही नव्हतं. आई दारात उभी राहून बाबांच्या तोंडाकडे बघत होती. बाबा त्या माणसाला म्हणाले, "याच्या मानेवर आमी जेवलो. आता यालाच खायला धाडू काय?" व्यापारी हसला, "काका, मी कुठे खायला नेतोय, मी तर विकायला नेतोय." बाबांनी त्याला पाणी पाजलं आणि वाटेला लावलं. मंगळू पुढे दोन पावसाळे गोठ्यात बसून खात राहिला. मेला तेव्हा बाबांनी बांधाच्या कडेला खड्डा खणला, मीठ टाकलं आणि पुरला. त्या दिवशी त्यांनी तोंडात काही घातलं नाही. आमच्या घरात कोंबडी, बकरं, मासे, खेकडे सगळं चालायचं. रेड्याचं मांस मात्र नाही. हे कुणी शिकवलं नव्हतं. ते घरात असायचं, चुलीसारखं.

आता मी चारोटीजवळ हायवेवरच्या एका हॉटेलात मुख्य स्वयंपाकी आहे. हाताखाली नऊ माणसं आहेत. दर मार्चमध्ये कॉलेजची पोरं-पोरी शिकायला येतात, कारण त्यांची प्रॅक्टिकल तोंडावर आलेली असते. यंदाही आली. त्यातल्या एकीने सकाळी विचारलं, "मॅडम, रोस्ट दाखवाल? चीज सॉस माझा फाटतोच."

दाखवलं. ओव्हनचं दार उघडलं तर तो वास आला. भाजलेल्या मांसाचा, मोहरीचा, कडेला करपलेल्या लसणाचा. मागचं दार उघडं होतं, पलीकडच्या शेतात कुणीतरी भाताच्या रोपांच्या जागेवर राब भाजत होतं. पालापाचोळ्याचा आणि शेणाचा तो धूर आत शिरला. दोन्ही वास एकत्र झाले आणि माझ्या हातातली सुरी थांबली. मुलगी म्हणाली, "मॅडम, भाजलं का तुम्हाला?" मी म्हटलं, "नाही गं, धूर गेला डोळ्यात."

थापा मला जमत नाहीत, पण एवढी मारली.

त्या वर्षीचा मार्चही असाच होता. मोहाची फुलं पडायला लागली होती. सकाळी पाड्यावरच्या बायका ती वेचत असायच्या आणि मी त्यांच्या मधून कॉलेजची पांढरी पँट सांभाळत बसकडे पळायचे. माझं शेवटचं वर्ष. हॉटेल मॅनेजमेंट म्हणजे काय हे पाड्यावर कुणाला नीट सांगता यायचं नाही. एक काकी म्हणायच्या, "म्हंजे तू सयपाक शिकायला कालेजात जातेस? मंग आमी काय दगडं शिजवतो?" सगळ्या हसायच्या. मीही हसायचे. पण आत लागायचं. मला शिकायचं होतं ते त्यांच्यापेक्षा वेगळं काहीतरी, आणि तसं मी तोंडावर बोलायचेही. तेव्हा माझ्या जिभेला लगाम नव्हता. आजही फारसा नाही.

बाबा त्या वर्षी खाटेवर होते. घशाच्या खाली गाठ होती. मुंबईपर्यंत नेऊन झालं होतं, डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हटलं होतं. भाकरी जात नव्हती, भात जात नव्हता. फक्त पेज जायची, तीही पातळ. तांदूळ मऊ शिजवून घोटलेला, किंचित मीठ. आई कामावरून दिवेलागणीला परतायची. मी चारपर्यंत घरी यायचे. म्हणून दुपारची पेज माझ्याकडे होती. मी आले की बाबा उठून भिंतीला टेकायचे. मी पेज कोमट करायचे आणि चमच्याने नाही, हाताने भरवायचे, कारण चमचा ओठाला लागला की त्यांना ठसका लागायचा. तीन बोटांच्या टोकांवर येईल एवढाच घास, तो त्यांच्या स्वतःच्या बोटांवर टिकायचा नाही. तो आत गेला की ते थोडा वेळ डोळे मिटायचे. गेला, म्हणून मान हलवायचे. मग पुढचा. अर्धी वाटी संपायला पाऊण तास लागायचा. त्या पाऊण तासात आम्ही जेवढं बोललो तेवढं आधीच्या वीस वर्षांत बोललो नव्हतो. बाबा विचारायचे, आज काय शिकवलं? मी सांगायचे, अंड्याचा पांढरा भाग फेटून ढगासारखा करतात. "ढग खातात?" म्हणायचे, आणि हसताना छातीला हात लावायचे.

परीक्षेच्या दहा दिवस आधी चिठ्ठ्या काढल्या. आमच्या प्रॅक्टिकलची पद्धत तशी होती, स्टीलच्या डब्यात घडी घातलेल्या चिठ्ठ्या, ज्याला जे निघेल ते त्याचं. माझ्या चिठ्ठीवर मुख्य पदार्थ होता रोस्ट बीफ आणि चीज सॉस. सोबत कुस्करलेला बटाटा आणि फरसबी. आमचे सर वसईचे. ते म्हणाले, "नाव पुस्तकातलं आहे. गाय-बैल आपल्याकडे कायद्याने बंद. आपल्याला मिळतं ते रेड्याचं. अंडरकट मागवू, पाठीकडचं मऊ मांस."

रेड्याचं म्हटल्यावर मी चिठ्ठी परत उघडून बघितली.

माझ्या शेजारी दीप्ती होती, माझी मैत्रीण. तिचे वडील रेल्वेत, घर मसोलीला. तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि लगेच म्हणाली, "मंदा, माझं चिकन आलंय. बदलू या. सर देतात बदलून."

सर ऐकत होते. म्हणाले, "हो हो, बदल. तुमच्या लोकांना हे पाश्चात्य रोस्टबिस्ट जड जातं, मला माहितीये. चिकन सोपं आहे."

ते प्रेमानेच बोलले. वाईट माणूस नव्हते. पण तीन वर्षं मी हे 'तुमच्या लोकांना' ऐकत होते. तुमच्या लोकांना काटा-चमचा जड जातो. तुमच्या लोकांना इंग्रजी जड जातं. मी म्हटलं, "नको सर. हेच करीन." दीप्तीने माझ्या पायावर पाय दिला. मी पाय काढून घेतला.

आज एवढ्या वर्षांनी त्या एका वाक्याकडे मी परत परत जाते. चिठ्ठी घडी घालून दीप्तीच्या हातात दिली असती तर काय बिघडलं असतं? काही नाही. पदवी तीच मिळाली असती.

पहिल्या सरावात मी चूक केली, आणि ती आमच्याकडचं माणूसच करेल अशी होती. आमच्याकडे पाहुण्याच्या पानात कच्चं मांस वाढणं म्हणजे त्याला हाकलून देण्यासारखं. हाडापासून सुटेपर्यंत शिजलं पाहिजे. आई बकऱ्याचं मटण पळसाच्या पानात गुंडाळून निखाऱ्यात पुरते तेव्हा उकरायची घाई केलेली तिला चालत नाही. तेच माझ्या हातात होतं. सरांनी सांगितलेली वेळ झाली. मी सळी खुपसून बघितली, लालसर पाणी आलं. मला वाटलं हे कसं द्यायचं? लाज वाटली. परत ओव्हनमध्ये ढकललं आणि चांगला अर्धा तास ठेवलं. बाहेर काढलं तेव्हा सरांनी सुरी लावली, सुरी आत जाईना. म्हणाले, "मंदा, याची चप्पल चांगली होईल." सगळा वर्ग हसला. सॉसही फाटला होता, कारण चीज घातल्यावर मी त्याला कढ आणला. आमच्याकडे कढ आल्याशिवाय काही झालं असं वाटतच नाही.

दुसऱ्या सरावाला मी वहीत लिहून घेतलं आणि मनातलं सगळं बाजूला ठेवलं. मांसाला सुतळीने घट्ट बांधायचं, म्हणजे सगळीकडून सारखं भाजतं. मीठ, भरड मिरी, मोहरीची पेस्ट, लसूण. तापलेल्या तव्यावर चारही बाजूंनी तांबूस करायचं आणि मगच ओव्हन. बाहेर काढलं की लगेच कापायचं नाही, झाकून दहा-पंधरा मिनिटं निवांत राहू द्यायचं. रस परत आत मुरतो. मग मांसाच्या धाग्यांना आडवं कापायचं. मध्ये गुलाबी दिसलं की ते कच्चं नव्हे, ते बरोबर. सॉससाठी लोण्यात मैदा परतायचा, रंग येऊ द्यायचा नाही, दूध थोडं थोडं घालत ढवळत राहायचं, जायफळ किसायचं. आणि गॅस बंद केल्यावर, बंद केल्यावरच, किसलेलं चीज आणि शेवटी साय. कढ नाही. या वेळी ते झालं. चमच्याच्या पाठीवर सॉस रेशमासारखा बसला. मी एक काप तोंडात घातला. मीठ बघायला. चाखल्याशिवाय मीठ कळत नाही, स्वयंपाक करणाऱ्याला चाखावंच लागतं.

खोटं कशाला बोलू? चांगलं लागलं.

त्या दोन्ही दिवशी घरी येऊन मी लिंबू लावून हात धुतले, परत साबणाने धुतले, आणि बाबांना पेज भरवली. त्यांनी विचारलं, आज काय? मी म्हटलं, "सराव." ते म्हणाले, "बेस."

आईला मात्र मी सांगितलं होतं. ती मोहाची फुलं अंगणात पसरत होती. ऐकून तिचे हात थांबले नाहीत. म्हणाली, "पास हो. पण त्याला सांगू नको. कोंबडी म्हण."

"खोटं बोलू?"

"एवढं शिकलीस, एवढं खोटं येत नाय तुला?"

"येत नाही."

"मंग गप तरी बस." मग फुलं सारखी करत करत म्हणाली, "किती दिस राहिलेत त्याचे?"

परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले होते, उंच टोपीतले. त्यांनी कापाकडे बघितलं, बोटाने दाबलं, सॉस हलवला. विचारलं, "हे कुणाकडे शिकलीस?" मी म्हटलं, "इथंच." ते म्हणाले, "तुझ्या हाताला उष्णता कळते." मागे उभे असलेले आमचे सर माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं 'तुमच्या लोकांना' गेलेलं होतं. ते बघायलाच मी हे सगळं केलं होतं बहुतेक. बसमध्ये मी खिडकीशी बसले आणि स्वतःशी हसत होते. डोंगरउतारावर ठिकठिकाणी राब पेटले होते, धुराच्या सरळ रेषा वर चालल्या होत्या. माझ्या आयुष्यातला एवढा आनंदाचा प्रवास परत झाला नाही.

घरी आले. बाबा आधीच भिंतीला टेकून बसले होते. वाट बघत होते. मी हात धुतले, पेज कोमट केली, समोर बसले. पहिला घास गेला. दुसरा गेला. मग त्यांनी विचारलं, "परीक्षा बेस झाली?"

"खूप चांगली झाली. ते मोठे साहेब म्हणाले, हिच्या हाताला उष्णता कळते."

ते हसले. "आता काय ते सांग. काय रांधलंस?"

मी त्यांच्याकडे बघितलं. इतका बारीक झालेला चेहरा, आणि डोळ्यात केवढं कौतुक. त्या क्षणी आईचं वाक्य कानात होतं. कोंबडी म्हण. एक शब्द. पण मला वाटलं, यांना मी माझ्या सगळ्यात मोठ्या दिवसाबद्दल खोटं सांगू? मग कौतुक कशाचं घेऊ?

म्हटलं, "रोस्ट. अख्खं मांस बांधून भट्टीत भाजायचं असतं. वर दुधाचा आणि चीजचा सॉस. रेड्याचं होतं, बाबा."

बाहेर कोंबडी ओरडत होती. बाबांनी पेजेच्या वाटीकडे बघितलं. मग हळूच विचारलं, "चाखलंस?"

"चाखलं."

"आजच? का आधीपण?"

"आधी दोनदा केलं होतं. सरावाला."

ते माझ्या हाताकडे बघत होते. तिसरा घास माझ्या बोटांवर होता. सरावाच्या दोन्ही दिवशी याच बोटांनी त्यांना भरवलं होतं, हे त्यांनी मनात जुळवलं, आणि ते जुळवताना मी त्यांना बघितलं. तेवढं बघायला नको होतं मला. मी घास ओठाशी नेला. त्यांनी तोंड उघडलं. खरंच उघडलं. घास घेतला. आणि तो गेला नाही. परत बाहेर आला, माझ्याच तळव्यावर.

त्यानंतर त्यांनी माझ्या हातून घास घेतला नाही. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मीही भांडले असते, मला येतं भांडायला. ते रागावलेच नाहीत. माझ्याकडून दाढी करून घ्यायचे, नखं कापून घ्यायचे. उन्हं उतरली की माझ्या खांद्याला धरून अंगणात चार पावलं टाकायचे. कॉलेजचं विचारायचे. फक्त पेज नाही. मी चारला घरी यायचे, पेज चुलीशी असायची, ते उपाशी असायचे, आणि आम्ही दोघं समोरासमोर बसून आईची वाट बघायचो. दिवेलागणीला आई यायची, पाटी ठेवायची, हात धुवायची आणि आधी त्यांना भरवायची. मी उठून बाहेर जायचे.

एकदा आई चिडली. "पोर आहे ती तुझी. परीक्षेला केलं तिनं, हौशेनं नाय. पाहिजे तर भगताला बोलावते. देवाला विचारून सांगेल काय करायचं, ते करू."

बाबा म्हणाले, "भगताचं काय काम? तिनं पाप नाय केलं. मी तिला बोललो काय काही?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हात तोच हाय, पोरी. मला माहीत हाय. मी घास घ्यायला बघतो तर मंगळूचं तोंड दिसतं. मंग खाली जात नाय. माझं मलाच नाय जमत."

मी म्हटलं, "मी कोंबडी सांगितलं असतं तर?"

"तर गेला असता," ते म्हणाले. मग म्हणाले, "तू सांगितलंस ते बेस केलंस." दोन्ही वाक्यं त्यांनी एकाच आवाजात म्हटली. यातलं कुठलं जास्त खरं, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

खरं बोलावं असं शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. त्याखाली कुणी लिहीत नाही की त्यासाठी कुणाचं तरी पोट दोन तास रिकामं राहील. मी खरं बोलले ते त्यांच्यासाठी की माझ्यासाठी? चिठ्ठी बदलली नाही ती ताठ्यापायी. मग सांगितलं तेही ताठ्यापायीच का? स्वयंपाक करणारी म्हणून आता मला एवढं कळतं की आपण हाताने देतो ते नुसतं अन्न नसतं. घेणारा आपला हात घेत असतो. कुणी तो घेऊ शकत नसेल तर त्याच्यावर जबरदस्ती करता येत नाही, आणि आपल्याला आपला हात बदलून आणता येत नाही. माझ्या हातचं हायवेवरून येणारी-जाणारी हजारो माणसं जेवून गेली. कुणी नाव विचारतं, कुणी फोटो काढतं. मी नमस्कार करते आणि आत जाते.

रेड्याचं मी पुढे कितीदा तरी रांधलं. ते माझं काम आहे, त्याची मला लाज नाही. कुणी लाज वाटायला लावलं तर मी ऐकून घेणार नाही. पण चाखायला आता दुसऱ्या कुणाला तरी सांगते. त्या मुलीने यंदा विचारलं, "मॅडम, तुम्ही का नाही चाखत?" मी म्हटलं, "तुझी जीभ तयार व्हायला पाहिजे, माझी झालीये."

तिचा सॉस या वेळी फाटला नाही. "झालं! मॅडम, झालं!" म्हणून तिने उडी मारली. घरी फोन लावला. तिकडून कुणीतरी बाप्यामाणूस काहीतरी विचारत होता आणि ही हसत हसत सांगत होती, पटापट, काहीही न लपवता. मी गॅस पुसत राहिले.

बाबा एप्रिल संपता संपता गेले. दुपार होती. आई वाडीवर होती, मीच जवळ होते. त्यांनी पाणी मागितलं. मी तांब्या उचलला आणि थांबले. म्हटलं, "आईला बोलावू?" त्यांनी मान हलवली, नको. मी तांब्या त्यांच्या हातात दिला आणि खालून नुसता आधार धरला. त्यांनी स्वतःच्या हाताने दोन घोट घेतले. माझा हात तांब्याच्या बुडाला होता, त्यांच्या ओठाला नव्हता. एवढंच जमलं आम्हाला. पावसाळ्याआधी निकाल लागला. दीप्तीने फोन करून सांगितला. आई आणि मी दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेलो. आईने कागद दोन्ही हातांनी धरला, तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवला. प्रॅक्टिकलमध्ये मी वर्गात पहिली आले होते. मी पदवीधर झाले. आमच्या घरातली पहिली, आणि आमच्या पाड्यावरचीही.